पाया मी बघितला होता

भानू,

परवा तुझ्या सरणापाशी मला बोलायला लावलं. आपल्याकडची ही रीत तुला कधी आवडली नाही. अग्नी दिला की लोक बाजूला सावलीला बसतात आणि मानाची माणसं एकेक करून उठतात, दोन शब्द बोलतात. तू म्हणायचास, "मेलेल्या माणसाला भाषण ऐकाया लावतेत. बिचाऱ्याला उठून बी जाता येत न्हाई." परवा माझी पाळी आली तेव्हा हेच आठवलं, आणि तरी मी उठलो.

मी म्हणालो, भानुदासराव स्वच्छ मनाचा माणूस होता. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या वर्कशॉपची मोठी पुली त्यांच्या हातून फुटली, तेव्हा त्यांनी भर सभेत उभं राहून आपली चूक कबूल केली. आज अशी चूक कबूल करणारी माणसं कुठं आहेत?

लोकांनी माना हलवल्या. तुझ्या थोरल्यानं, बाळूनं, मला हात जोडले. परतताना दोघा-तिघांनी म्हटलं, चेअरमन, लई चांगलं बोललात. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं आणि ताटावर बसलो, तर घास उचलेना. एवढी वर्षं मी गप्प होतो. गप्प बसणं ही निदान एक गोष्ट होती. परवा मी तुझ्या जळत्या देहासमोर तेच खोटं गुणगान म्हणून सांगितलं. तुझी चूक नव्हती, भानू. ती चूक माझी होती, आणि तिच्यासाठी मी तुझी स्तुती करून आलो.

आता सगळं सांगतो. तुला सांगायचं तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. ज्यांच्यासमोर तुझं नाव खराब झालं त्यांतले जे कुणी उरले असतील, त्यांनीही वाचावं.

नांदूरघाटच्या रस्त्याला आपलं शेड होतं. मशीनं आपण कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून आणली. तू तिथं लेथवर होतास, मी इंजनावर. जिनिंग बसली तेव्हा आपणच म्हणालो की मालक नको, आपलंच काहीतरी करू. गावातल्या शेतकऱ्यांचे भाग घेतले, सोसायटी काढली. माझं अक्षर बरं होतं आणि बोलायला मी पुढं, म्हणून चेअरमन मी झालो. तुला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गिऱ्हाईक आलं की तू माझ्याकडं बोट करून सांगायचास, "हे आमचे चेअरमन. आमच्या सोसायटीत इंजनाचा हँडल माराया चेअरमनच लागतो."

शेडच्या छताखाली एक लांब शाफ्ट होता. त्यावर लहानमोठ्या पुल्या, आणि एकेका पुलीवरून खाली एकेका मशीनला पट्टा उतरायचा: लेथला, ड्रिलला, धार लावायच्या दगडाला. इंजन भिंतीपलीकडच्या खोलीत होतं, कारण धूर आणि आवाज. भिंतीला आरपार भोक होतं. त्यातून इंजनाचा रुंद पट्टा यायचा आणि शाफ्टावरच्या सगळ्यांत मोठ्या पुलीवर चढायचा. भिंतीच्या पलीकडचं सगळं माझं, अलीकडचं सगळं तुझं, असं आपोआप ठरून गेलं होतं. मी कधी तुझ्या लेथला हात लावला नाही, तू कधी माझ्या इंजनाला लावला नाहीस.

सुरुवातीला मशीनं काय थरथरायची! लेथवर कातलेला दांडा हातात घेतला तर बोटाला लाटा लागायच्या. तू पट्ट्यांपासून सुरुवात केलीस. पट्टा जोडायची जागा जाड झाली होती, ती पुलीवर आली की धक्का बसायचा. ते सांधे तू उसवून चपटे शिवलेस. तरी थरथर राहिली. मग तू अख्खा शाफ्ट खाली उतरवलास, रुळाच्या दोन तुकड्यांवर आडवा ठेवलास आणि मोठी पुली हळूच ढकलून सोडून दिलीस. दर खेपेला तिची एकच बाजू खाली येऊन थांबायची. म्हणजे ती बाजू जड. समोरच्या हलक्या बाजूला आतून शिसं बसवत गेलास. पुली कुठंही थांबायला लागली, तेव्हाच तू जेवलास.

शाफ्ट पुन्हा वर चढवून मला इंजन चालू करायला सांगितलंस, आणि बेअरिंगच्या ठोकळ्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलास. पाण्यावर सुरकुती नव्हती. तू गल्लीतून माणसं बोलावून आणलीस तो तांब्या बघायला. तुझ्या घरून रुक्मिणवहिनी आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पाणीच बघायचं तर मी रोज आडावर बघते की." सगळे हसले, तू सगळ्यांत जास्त. तुझ्या तोंडावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी पुन्हा बघितला नाही. त्याला कारण मी आहे.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि त्यांच्या पहारी, टिकाव, घण आपल्याकडं यायचे. वर्कशॉपला कधी नव्हतं एवढं काम होतं. सोसायटीच्या विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं, आणि इंजनाला थंड ठेवायला पाणी लागतंच. आधी ते गरम पाणी नालीनं पायाशेजारच्या खड्ड्यात जाऊन मुरायचं. मी ठराव आणला की हे पाणी वाया घालवायचं नाही. हौद बांधू, गरम पाणी त्यात निववू आणि तेच पुन्हा इंजनाला देऊ. विहिरीचं जे पाणी वाचेल ते गावाला प्यायला.

काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. बायका घागरी घेऊन शेडसमोर रांग लावायच्या. वहिनीही त्या रांगेत असायच्या. लोक माझं नाव घ्यायचे. तालुक्याचे पुढारी आले, हौदाभोवती फिरून गेले. म्हणाले, मुंबईहून मोठे साहेब दुष्काळी कामं बघायला येणार आहेत, त्यांना तुमचा हौद दाखवायचाय. असा माणूस पुढं आला पाहिजे, असंही म्हणाले. ते मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, मग भावाला सांगितलं, मग तुला. तू म्हणालास, "हो की. पुढं जा. पर इंजनाचा हँडल मारून जा."

त्याच उन्हाळ्यात मशीनं परत थरथरायला लागली.

तू सांधे बघितलेस. बेअरिंगची टोपणं काढून साफ केलीस. तांब्या ठेवलास तर पाणी काठावरून सांडलं, आणि त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडं माणूस बघत राहायचा. तू भिंतीच्या भोकाशी येऊन मला हाक मारलीस.

"दिगू, तुझ्या इंजनाकडं बघ बे. हादरा भिंतीपल्याडून येतोय."

"माझ्या इंजनाला काय झालंय? ते एका सिलिंडरचं हाय, ते हालणारच. तू तुझी पुली बघ."

"पुलीला काय धाड भरली? पुली कवाच सरळ केलीय म्या."

असं आपलं चार-सहा दिवस चाललं. चेष्टेचं भांडण होतं ते. जिनिंगमध्येही इंजनवाला आणि लेथवाला असेच भांडायचे.

मग एक दिवस हौदाला जाणारा नळ गळत होता, म्हणून मी इंजनाशेजारची एक शहाबादी फरशी उचलली. इंजन चालूच होतं. इंजनाचा पाया म्हणजे दगड-चुन्याचा मोठा ओटा होता, काळ्या मातीत खोल बसवलेला. फरशीखाली बघतो तर ओट्याची आणि मातीची फारकत झालेली. हात घातला तो मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत. हाताला अख्खा ओटा डुलताना लागला. जू सैल झालेली गाडी डुलते तसा.

मला समजायला क्षणही लागला नाही. काळी माती वाळली की आकसते, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात रानाला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकतो. आपल्या ओट्याशेजारी वर्षानुवर्षं इंजनाचं पाणी मुरत होतं, म्हणून ती माती ओली आणि फुगलेली राहिली होती, आणि ओटा घट्ट धरलेला होता. मी ते पाणी तोडलं. हौदाची कल्पना माझी, ठराव माझा. पाया त्याच्यामुळं सुटला होता.

मी फरशी परत जागेवर ठेवली.

साहेब यायला आठवडा राहिला होता. मी स्वतःशी म्हणालो, आता खड्ड्यात पाणी ओतायला लागलो तर बाहेरच्या बायका विचारतील. लोकांच्या घागरी रिकाम्या आणि चेअरमन मातीला पाणी पाजतोय. पाहुणे येऊन जाऊ देत, मग सोडू पाणी. ही सबब मी स्वतःला पुढंही पुष्कळ वर्षं दिली. पण खरं असं की चार घागरींनी ती रांग मोडली नसती. मला भीती बायकांची नव्हती. ज्या हौदासाठी गळ्यात हार पडणार होता त्याच हौदानं पाया हलवला, हे कुणाला कळू नये एवढंच मला हवं होतं. तुलाही.

तू संध्याकाळी आलास. हात तेलानं काळे. चेष्टा नव्हती तुझ्या बोलण्यात.

"दिगू, मी सगळं बघितलं. माझ्याकडं काय सापडंना. तू इंजन नीट बघितलंस का?"

"बघितलं."

"खरंच बघितलंस?"

"बोल्ट सगळे घट्ट हायेत. पाया पक्का हाय. मी सवता बघितला."

बोल्ट घट्ट होते, तेवढं खरं होतं. तू मान हलवलीस. म्हणालास, "मग पुलीच असंल," आणि तुझ्या बाजूला निघून गेलास. जायच्या आधी तू इंजनाशेजारी एकदा वाकला असतास, एक फरशी उचलली असतीस, तर तुला दिसलं असतं. पण मी बघितलं म्हटल्यावर ते बघणं तुझ्या लेखी झालेलं होतं. सोसायटी म्हणजे तरी दुसरं काय असतं? एकानं बघितलं की दुसऱ्यानं ते बघितलेलं धरायचं. लोकांना सहकारावर मी पुढं पुष्कळ भाषणं दिली. त्यांत हे कधी बोलायची हिंमत झाली नाही.

त्या आठवड्यात तू त्या चांगल्या पुलीच्या मागं लागलास. एके ठिकाणचं शिसं काढलंस, दुसरीकडं लावलंस. मग जड वाटेल त्या बाजूला भोकं पाडायला लागलास. एक पाडून बघायचं, फरक नाही म्हणून बरोबर समोर दुसरं. ओतीव लोखंडाची ती पुली, तिच्या काठाची चाळण होत चालली होती, आणि भिंतीपलीकडून डुलणारं इंजन पट्ट्याला हिसके देत होतं. तुझ्या ड्रिलचा आवाज मला ऐकू यायचा. मी तेलाची पिचकारी घेऊन ओट्यावर उभा असायचो आणि तो आवाज ऐकायचो.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, "पट्टा उतरवून ठिवतो उद्या. मला हिचा भरवसा वाटंना. पाव्हणे हौद बघाया येतेत, लेथ बघाया न्हाई येत."

मी म्हणालो, "बंद शेड दाखवायचं का त्यांना? चालू पायजे. आज एकदा पूर्ण चालवून बघू."

इंजन मीच चालू केलं. थोडा वेळ चाललं. मग एक आवाज झाला आणि पट्टा ढिला पडून इंजन एकदम सुसाट पळायला लागलं. मी भोकातून बघितलं. पुलीचा तुकडा छताच्या पत्र्यातून गेला होता. दुसरा तुझ्या उजव्या खांद्यावर बसला होता. तू लेथला टेकून खाली बसला होतास. तोंड पांढरं पडलेलं. आणि पहिलं वाक्य काय बोललास? "आधी इंजन बंद कर, दिगू. पट्टा सुटंल, तुला लागंल."

दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात होतास आणि मी हौदापाशी हार घालून उभा होतो. फुटलेल्या पुलीवर बारदान टाकलं होतं.

नंतर सोसायटीची सभा झाली. भागधारक चिडले होते. पहारी धारेविना पडल्या होत्या, दुष्काळी कामावर माणसं बोथट टिकाव घेऊन उभी होती. एकजण म्हणाला, एवढी भोकं पाडलेली पुली कोण फिरवतं, कशाला फिरवली? तू उठलास. हात गळ्यात बांधलेला.

"भोकं म्या पाडली. माझा अंदाज चुकला. इंजनाचा काय दोष न्हाई. चेअरमननं सवता बघितलं होतं."

मी समोर खुर्चीवर होतो. माझा शब्द तू तिथं माझ्यासाठी साक्षीला आणलास. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मी ठराव वाचला. भानुदास यांना निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे. वाचताना आवाज कापला, तर लोकांना वाटलं मित्रासाठी कापतोय.

याच्या पुढचं लिहायला मला जास्त लाज वाटते. पाहुणे गेल्यावर मी ठरवल्याप्रमाणं खड्ड्यात पाणी सोडायला लागलो. रोज थोडं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं. माती फुगली. नवी पुली येईपर्यंत ओटा परत घट्ट बसला होता. नवी पुली चढवली, इंजन चालू केलं, थरथर गेली. गाव म्हणालं, बघा, पुली बदलली की बरं झालं. भानूनंच घाण केली होती. तेव्हापासून तुला पुलीफोड्या म्हणायला लागले. पुढं तुझ्या पोरांनाही म्हणाले.

तू एक दिवस आलास नवी पुली बघायला. डाव्या हातानं तांब्या भरून बेअरिंगवर ठेवलास आणि बघत राहिलास. पाणी स्थिर होतं. तू ते पाणी हौदात परत ओतलंस, तांब्या पालथा घातलास आणि गेलास. गावानं काहीही म्हटलं असतं तरी तू मानलं नसतंस. तुला त्या तांब्यानं पटवलं. आणि तो तांब्या मी खोटा केला होता.

त्यानंतर तू लोखंडाला हात लावला नाहीस. पुढच्या हंगामात तू आणि वहिनी टोळीबरोबर ऊसतोडीला गेलात. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता तुझा. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. तुमच्या जोडीत कोयता वहिनींनी चालवला. तू मोळ्या बांधायचास, आणि बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायच्या त्या. हे मला गावात कळलं होतं. मी तोवर साखर कारखान्याचा संचालक झालो होतो. पाणी वाचवणारा चेअरमन म्हणून निवडून आलो होतो.

एकदा कारखान्याच्या आवारात तू दिसलास. गाड्यांची रांग होती. मी जीपमध्ये होतो. तू मोठ्यानं म्हणालास, "चेअरमन, आमचा नंबर लावा की जरा लौकर. बैलं वळखीची हायेत तुमच्या." टोळी हसली. मी उतरलो, तुला चहाला नेलं. चहा पिता पिता तू उसाचा एक तुकडा घेऊन जमिनीवर गोल काढलास, त्यावर भोकांच्या जागी टिपके दिलेस आणि विचारलंस, "हितं पाडलं, मग हितं. बरोबर समोरासमोर हायेत बघ. मग कुठं चुकलं बे माझं?"

मी म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं.

तू ते जाऊ दिलं नाहीस. लग्नात भेटलास की विचारायचास. केजच्या स्टँडवर बस यायला वेळ होता तर विचारलंस. दर खेपेला नवा अंदाज असायचा: शिसं कमी पडलं असेल, रूळ उतरता असेल, शाफ्टच वाकला असेल. तुझं डोकं त्या कोड्यात अडकून राहिलं. ते कोडं सुटणारच नव्हतं, कारण उत्तर तुझ्या बाजूला नव्हतंच. मी तुझ्यापुढं बसून ते ऐकायचो. एका निवडणुकीत माझे विरोधक तुझ्याकडं आले होते, माझ्याविरुद्ध काही सांग म्हणून. तू त्यांना काय म्हणालास ते त्यांच्यातल्याच एकानं मला नंतर सांगितलं. "दिगूनं मला कवा खोटं सांगितलं न्हाई." तुझे उपकार मोजायला बसलो तर पुष्कळ आहेत. पण हा असा आहे की तो आठवला की मला उठून बाहेर जावं लागतं.

तू अंथरुणाला खिळलास तेव्हा मी आलो होतो. घरातून ठरवून निघालो होतो की आज सांगायचं. तू डोळे मिटून होतास. मी बसलोय हे कळल्यावर म्हणालास, "दिगू, मला आता वाटतंय, शिसंच जास्ती झालं असंल."

मी म्हणालो, "असंल."

तू मान हलवलीस. उत्तर मिळाल्यासारखी. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो आहे, भानू.

काल वहिनींकडं गेलो. सोप्यात बसल्या होत्या. बाळूलाही बसवून घेतलं आणि दोघांना सगळं सांगितलं, फरशीपासून परवाच्या भाषणापर्यंत. बाळू मधेच उठून अंगणात गेला. परत आला नाही. मला वाटलं वहिनी रडतील, किंवा मला जायला सांगतील. त्यांनी विचारलं, "भाऊजी, पाणी सोडलं असतं तर थांबलं असतं?"

"थांबलं असतं."

"किती लागलं असतं?"

"रोजच्या चार घागरी. आठ-पंधरा दिवस."

त्या उन्हाळ्यात आपल्या रांगेतलं पाणी पुरायचं नाही, म्हणून वहिनी पहाटे खालच्या ओढ्यातल्या झिऱ्यावर जायच्या. वाटीवाटीनं घागर भरायच्या. तुलाही ते माहीत होतं, मलाही.

"मला सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी आणल्या असत्या की चार घागरी."

रागानं नाही म्हणाल्या. साधं सांगितलं. मी इतकी वर्षं स्वतःला जेवढ्या सबबी दिल्या, त्यांतली एकही त्या वाक्यापुढं उभी राहिली नाही. मी चाचरत म्हणालो की मी हे लिहून काढतो, तालुक्याच्या साप्ताहिकात छापायला देतो, गावाला कळू दे.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पर ते लई भले हुते, मोठ्या मनाचे हुते, असलं काय लिवू नका. ते सगळ्यांचंच लिवतेत. त्यांचं काय चुकलं न्हवतं, तेवढं लिवा."

मी उठलो तेव्हा त्या उठल्या नाहीत, आणि परत या म्हणाल्या नाहीत. बरोबर केलं त्यांनी.

तर भानू, वहिनींनी सांगितलं तेवढंच आता लिहितो. तुझी भोकं समोरासमोर होती. शिसं बेताचं होतं. रूळ सरळ होता, शाफ्ट सरळ होता. तू जेवणावरून उठून, दवाखान्यातल्या खाटेवर, उसाच्या फडात, बसच्या स्टँडवर जी जी गोष्ट तपासलीस ती प्रत्येक बरोबर होती. एकच गोष्ट तू तपासली नाहीस, ती म्हणजे माझा शब्द.

पाया सुटला होता. मी बघितला होता.

दिगंबर